नाममुद्रा नसलेले गाणे

८ डिसेंबर १९८० रोजी न्यूयॉर्कमध्ये जॉन लेननची हत्या झाली. दुसऱ्याच रात्री लंडनच्या वेम्बली अरीनामध्ये ‘क्वीन’ या बँडचा कार्यक्रम होता. तिथे फ्रेडी मर्क्युरीने लेननचे ‘इमॅजिन’ गायले. पुढे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी स्वतः एड्सने गेला. २० एप्रिल १९९२ रोजी वेम्बली स्टेडियममध्ये त्याच्या स्मरणार्थ जॉर्ज मायकलने ‘समबडी टू लव्ह’ गायले. ते ध्वनिमुद्रण १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

दुसऱ्याचे गाणे आपण गायले की इंग्रजीत त्याला ‘कव्हर’ म्हणतात. मराठीत यासाठी वेगळा शब्द रूढ झाला नाही, कारण तशी गरजच पडली नसावी. अभंग घ्या किंवा लावणी. गाणारा बदलतो, पण शेवटच्या कडव्यात रचनाकाराची नाममुद्रा येते. सोलापूरचे राम जोशी, होनाजी, पठ्ठे बापूराव हे सारे आपापल्या रचनांत नावानिशी बसलेले आहेत. त्यामुळे गाणे संपता संपता गतकालीन कवीचे स्मरण आपोआप घडते.

ध्वनिमुद्रणाच्या प्रारंभी ही मुद्रा निराळ्या रूपात दिसते. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांचे गायन मुद्रित झाले. गाणे संपताच त्या आपले नाव इंग्रजीत उच्चारत. तबकड्या जर्मनीत तयार होत असल्याने तेथील कारागिरांना ओळख पटावी, हा हेतू सांगितला जातो. आज ऐकताना मात्र ती सहीच वाटते.

रॉकच्या गीतात असे नाव गुंफण्याची रीत नाही. तिथे गायकाचा आवाज हीच मुद्रा. मग तो आवाजच नाहीसा झाल्यावर श्रद्धांजली वाहणाऱ्याने काय करावे? त्याच्या आवाजाची नक्कल करावी, की आपल्याच आवाजात गावे?

गेल्या नोव्हेंबरात अकलूजमध्ये आम्ही तिघांनी ‘समबडी टू लव्ह’ मुद्रित केले, तेव्हा हा प्रश्न पुस्तकी राहिला नाही. मूळ १९७६ च्या ध्वनिमुद्रणातले गायन तीन माणसांचे. फ्रेडी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर यांनी आपलेच आवाज थरावर थर चढवून गॉस्पेलचा मोठा वृंद उभा केला. आमच्याकडे एक मोबाइल, एक पेटी आणि भिंतींवर टांगलेल्या गोधड्या. मुख्य गायक ओळ टाकतो आणि वृंद ती उचलतो, ही रचना ऐकून तमाशाच्या फडाशी जुने नाते असलेला आमचा मित्र म्हणाला, “अरे, ही तर झील आहे.” झीलकरी ओळीचा शेवट वरच्या सुरात ओढतो, तसा त्याने तो ओढला. लावणी स्पर्धांमुळे महाराष्ट्राला ठाऊक झालेल्या या गावात तो सूर परका वाटला नाही. नकलेचा विचार तिथेच मागे पडला.

खरा वाद नावावरून झाला. गौहर जान यांच्याप्रमाणे शेवटी नाव उच्चारायचे ठरले होते, पण कोणते? एकाचे म्हणणे, ‘फारुख बलसारा, पाचगणी’ असे म्हणू, म्हणजे लोकांना तो आपला वाटेल. आधार खोटा नव्हता. तो जन्मला झांझिबारमध्ये, पारशी कुटुंबात, १९४६ साली. बलसारा हे आडनाव गुजरातच्या बलसाडवरून आलेले. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत तो शिकला, आणि तिथेच ‘द हेक्टिक्स’ या शालेय बँडमध्ये पियानो वाजवताना इतरांचीच गाणी वाजवत मोठा झाला. अंत्यसंस्कारही पारशी धर्मगुरूंनी केले.

तरीही मी विरोध केला. ‘फ्रेडी’ ही हाक पाचगणीच्या शाळेतच पडलेली, तर ‘मर्क्युरी’ हे नाव त्याने १९७० च्या सुमारास स्वतः घेतले. आपल्या भारतातील दिवसांविषयी तो जाहीरपणे क्वचितच बोलला. ज्याने स्वतःची मुद्रा स्वतः घडवली, त्याला मरणानंतर जन्मदाखल्यावरच्या नावाने हाक मारणे हा मला आपलेपणा वाटत नाही. समाजमाध्यमांवर थोरांना ‘आपल्या’ जिल्ह्यात नोंदवण्याची जी चढाओढ चालते, तिच्यात आणखी भर कशाला?

दोन तास भांडण चालले. अखेर शेवटी फक्त ‘फ्रेडी मर्क्युरी’ एवढेच म्हटले. पाचगणीचा उल्लेख खालच्या वर्णनात गेला. गळीत हंगाम सुरू असल्याने तिसऱ्या कडव्यात उसाच्या ट्रॉलीवरचा टेप स्पष्ट ऐकू येतो. तो आम्ही काढला नाही.