फवारणाऱ्याच्या रक्ताचा रिपोर्ट

निफाड तालुक्यातल्या सायखेड्याच्या द्राक्षपट्ट्यात रेसिड्यू रिपोर्ट, म्हणजे मालावर उरलेल्या औषधांच्या अंशाचा अहवाल, म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. २०१० साली क्लोरमेक्वाट क्लोराइडपायी, म्हणजे आपण लिहोसीन म्हणतो त्या संजीवकापायी, युरोपात गेलेली द्राक्षं अडकली. मर्यादा होती किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम. ग्रेपनेट या निर्यातीच्या द्राक्षांच्या नोंदप्रणालीवर प्लॉटची नोंद त्याआधीपासून होती. त्या तडाख्यानंतर हेही रसायन तपासणीत आलं. मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्रातली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा या व्यवस्थेवर लक्ष ठेवते. तपासणीत पास झाल्याशिवाय युरोपला जाणारा माल हलत नाही, आणि ते योग्यच आहे. पण ऑक्टोबर छाटणीनंतर ब्लोअरच्या तुषारांत उभा राहून जो माणूस याच बागा फवारतो, त्याच्या रक्ताचा रिपोर्ट कुणी मागत नाही. मला हे सहन होत नाही. परदेशातल्या खाणाऱ्यासाठी जी काटेकोर तपासणी आपण उभी करू शकलो, तिचा काही भाग तरी इथल्या माणसाच्या वाट्याला आलाच पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा, की घड स्वच्छ निघाला म्हणजे औषधं जपूनच वापरली गेली. तसं होत नाही. काढणीपूर्व प्रतीक्षा काळ पाळला की घडावरचा अंश घटतो. फवारणाऱ्याच्या कातडीतून आणि श्वासातून गेलेलं औषध त्या हिशेबात येतच नाही. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट गटांतली औषधं रक्तातलं कोलिनेस्टरेज हे विकर दाबतात, आणि ते मोजण्याची चाचणी साधी आहे. अडचण एवढीच, की त्याची पातळी माणसागणिक वेगळी असते. म्हणून कॅलिफोर्नियात १९७४ पासून ही औषधं हाताळणाऱ्या मजुराची मूळ पातळी आधी नोंदवून नंतरची तिच्याशी ताडतात. ती मूळच्या ऐंशी टक्क्यांखाली गेली की मालकाला कामाची पद्धत तपासावी लागते. मँकोझेबसारखी बुरशीनाशकं या चाचणीत सापडत नाहीत, हे खरं आहे. तरीही एक धोका वेळेत कळतो, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ती करावी.

फवारणीच्या औषधांखेरीज गावात आणखी एक विष असतं, डायऑक्सिन; त्याचं प्रकरण अवघड आहे. ते कुणी फवारत नाही. पीव्हीसीचे तुकडे, क्लोरीनयुक्त औषधांचे डबे असला कचरा बांधावर पेटवला की ते तयार होतं. ठिबकच्या नळ्या पॉलिथिनच्या असतात, त्यांत क्लोरीन नसतं, पण ढिगात सगळंच एकत्र जळतं. राख चाऱ्यावर बसते, चाऱ्यातून ते दुधाच्या स्निग्धांशात उतरतं. माणसाच्या शरीरात जाणारं नव्वद टक्क्यांहून अधिक डायऑक्सिन अन्नातून येतं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. डायऑक्सिनची तपासणी महाग आहे, गावाला परवडणार नाही, हा आक्षेप मी मान्य करतो. पण प्रत्येकाची वेगळी तपासणी कशाला? याच संघटनेच्या पाहणीत पन्नास मातांचं दूध एकत्र करून एकच नमुना तपासतात. तसा एक नमुना निफाड तालुक्याचा का होऊ नये? स्टॉकहोम कराराचं भारतातलं प्रादेशिक केंद्र नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेतच आहे.

उपचार नसेल तर आकडा कळून उपयोग काय, असंही विचारलं जातं. इटलीतल्या सेवेसोमध्ये १० जुलै १९७६ ला कारखान्यातून डायऑक्सिन पसरलं, तेव्हा थोड्याशा रक्तात ते मोजण्याचं तंत्रच नव्हतं. डॉक्टरांनी घेतलेले रक्ताचे नमुने गोठवून ठेवले गेले, आणि पुढे तंत्र आल्यावर त्यांतूनच कुणाच्या अंगात किती विष गेलं होतं ते मोजता आलं. आपल्याकडे मागचं ताडून पाहायला नमुनाच नाही. माल संपल्यावर एप्रिल छाटणीआधी बागेतली फवारणी थांबते. फवारणाऱ्याच्या कोलिनेस्टरेजची मूळ पातळी नोंदवायला तो काळ बरा, मात्र त्याच मजुराने आधी महिनाभर कांद्या-टोमॅटोवरही फवारलेलं नसावं. रक्त प्राथमिक आरोग्य केंद्रात घेता येईल, आणि खर्चाचा काही वाटा निर्यातदारांनी उचलावा, अशी माझी मागणी आहे.