धाप छातीची नसते तेव्हा

आषाढी जवळ आली की पंढरपूरच्या वाटेवरच्या गावांत आणि आमच्या सोलापुरातही जुलाबाचे रुग्ण वाढतात. अशाच एका पावसाळ्यात, व्यवसायाच्या आरंभी, माझ्या हातून घडलेली चूक मी विसरलेलो नाही.

दोन दिवस जुलाब होत असलेले चार वर्षांचे मूल आईने आणले. ते खोल आणि भराभर श्वास घेत होते. छाती स्वच्छ असूनही मी धापेवर औषध लिहिले. संध्याकाळी ते निपचित होऊन परतले. रुग्णालयात शिरेतून द्रव दिल्यावर वाचले. आणि त्याची धापही थांबली.

ती धाप फुप्फुसांची नव्हती. रक्तातील आम्लता आवरणारा बायकार्बोनेट हा घटक एका लिटर रक्तद्रवात साधारण २२ ते २६ मिलिमोल असतो. त्यावर विद्युतभार असल्याने पेशींचे स्निग्ध आवरण तो सहज ओलांडू शकत नाही. त्यासाठी त्या आवरणात प्रथिनांची दारे असतात. तांबड्या पेशी याच दारांतून क्लोराइड आत घेऊन बायकार्बोनेट बाहेर सोडतात. मूत्रपिंडे तर गाळलेला जवळजवळ सर्व बायकार्बोनेट रक्ताला परत करतात. म्हणूनच ती निकामी होऊ लागली की आम्लता वाढते.

जुलाबात हाच ठेवा आतड्यांतून वाहून जातो. मग मेंदू श्वास वाढवून कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो आणि आम्लता कमी करू पाहतो. त्या मुलाचे शरीर तेच करीत होते. मला ते वाचता आले नाही.

जलसंजीवनीच्या पुडीत पूर्वी सोडाच असे. १९८४पासून जागतिक आरोग्य संघटनेने त्याऐवजी अधिक टिकणारे सायट्रेट सुचवले. शरीरात त्याचेच बायकार्बोनेट होते. मात्र म्हणून घरातला खाण्याचा सोडा मुलाला पाजू नका; अतिरेकाने जिवावर बेतू शकते. पुडीवर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यातच ती विरघळवा, घोट घोट पाजा, आणि २४ तासांनी उरलेले टाकून द्या. अंगावरचे दूध थांबवू नका.

जुलाब झालेल्या मुलाला धाप लागली, ग्लानी आली, डोळे खोल गेले किंवा लघवी थांबली, तर सकाळची वाट पाहू नका. आणि समोरचा डॉक्टर केवळ छातीच तपासत असेल, तर त्याला जुलाबाची आठवण अवश्य करून द्या. त्या दिवशी मला कोणी तरी ती द्यायला हवी होती.