शाकारणीतली मोटरयॉट

25 मे 2024, शनिवार, करंजा

बुद्धपौर्णिमेनंतरच्या उधाणाची दुपारची भरती धरून बोट वर घेतली. खाडीकाठी कोळ्यांची नौका शाकारायची घाई चालू आहे. 1 जूनला मासेमारी बंद होते, त्याआधी जाळी, बोये, दोरखंड घरी न्यायचे आणि नौका ओढून झाकायची. त्या रांगेत आमची 42 फुटी मोटरयॉट परकी दिसते. फायबरची, दोन डिझेल इंजिनांची, 1970 च्या दशकात बांधलेली; माझ्याकडे आली ती गेल्या हिवाळ्यात. विकणाऱ्याने नवे सोफे, मोठा टीव्ही, एसी दाखवला होता. मला पाहायचा होता तळ. तो आज नीट दिसला.

पाणी ओसरताच खरवडायला घेतले. बार्नॅकल ओले असताना सुटतात. वाळले की छिन्नी लागते आणि छिन्नीबरोबर फायबरवरचा जेलकोटही जातो. दोन्ही पंख्यांवर बोटभर थर होता. उजव्या शाफ्टवरचे जस्त जवळपास संपलेले, डाव्या शाफ्टवरचे मात्र जसेच्या तसे, कारण कुणीतरी त्यावर रंग मारला होता. जस्ताने झिजायचे आणि शाफ्ट, पंखा, सुकाणू वाचवायचे. रंगाखाली त्याला पाणीच लागत नाही, मग झीज पंख्याच्या वाट्याला येते. डाव्या पंख्याची कड खडबडीत आणि गुलाबी झाली आहे.

26 मे, रविवार

पाण्याच्या रेषेखाली 14 भोके आहेत. दोन इंजिने, जनरेटर, एसी, संडास, मोऱ्या, प्रत्येकाचे पाणी आत घेणारे किंवा बाहेर टाकणारे. प्रत्येकाला आतून झडप. त्यातल्या 3 झडपांपर्यंत हात पोचला नाही. एक एसीच्या यंत्रामागे, एक पाण्याच्या टाकीआड, एक नव्या सोफ्याखाली स्क्रूने कायमच्या बसवलेल्या प्लायमागे.

दीड इंची पाइप पाण्याच्या रेषेखाली 2 फुटांवर फुटला तर मिनिटाला 100 लिटरहून जास्त पाणी आत येते. मिनिटाला सव्वाशे लिटरचा शिक्का असलेला पंप ते उपसेल असे कागदावर वाटते, पण पाणी चार-पाच फूट वर चढवताना आणि बॅटरी उतरत असताना तो तेवढे देत नाही. अशा वेळी उपाय एकच, झडप बंद करणे. त्या वेळी सोफ्याचे स्क्रू कोण काढत बसणार?

शेजारच्या नौकेचे नाखवा येऊन तळाखालून एक चक्कर मारून गेले. जाताना म्हणाले, “शेठ, आदी भोकां बगा. गाद्या मंग.” या पावसाळ्याचा क्रम तोच ठेवायचा. आणि एक भर माझी: ज्या गोष्टीपर्यंत हात पोचत नाही, ती एकही बोटीत परत बसवायची नाही.

8 जून, शनिवार

झडपा काढल्या. बहुतेक काशाच्या, म्हणजे तांबे आणि कथिलाच्या. इतक्या वर्षांनंतरही सुरीने खरवडले की आत पिवळसर, घट्ट धातू. चार मात्र नंतर कधीतरी बसवलेल्या, साध्या पितळेच्या, घरच्या नळाला चालतात तशा. पितळेत तांब्याबरोबर जस्त असते. खारे पाणी जस्त शोषून नेते आणि मागे उरते गुलाबी, ठिसूळ तांबे. बाहेरून आकार तोच राहतो, त्यामुळे डोळ्याला काही कळत नाही. त्यातली एक पान्याच्या पहिल्याच पिळाला हातात आली. हीच बोट मार्चमध्ये माणसे घेऊन मांडव्याला जाऊन आली होती.

14 पैकी 4 भोके कायमची बुजवायची ठरवली. मोऱ्यांचे पाणी एकत्र करून रेषेच्या वर सोडता येते. प्रत्येक भोक कमी होणे ही माझ्या लेखी नव्या टीव्हीपेक्षा मोठी सुधारणा आहे.

9 जून, रविवार

हवामान खात्याने मान्सून मुंबईत पोचल्याचे जाहीर केले. बांबू आणि ताडपत्रीचा मांडव काल संध्याकाळीच पुरा झाला होता.

16 जून, रविवार

तळावर फोड आहेत. नखाएवढे पुष्कळ, रुपयाएवढे काही. मोठा फोड टोचला की चिकट, आंबूस वासाचे पाणी उडते. डोळ्यांवर चष्मा हवाच. फायबर आणि पॉलिएस्टर रेझिन बाहेरून काचेसारखे दिसले तरी वर्षानुवर्षे पाण्यात राहून पाणी थोडे थोडे आत झिरपते. आतल्या न जमलेल्या रेझिनचे अंश त्यात विरघळतात, ते द्रावण आणखी पाणी ओढते आणि जेलकोट फुगतो.

फायबरचे काम करणारे मिस्त्री म्हणतात, सगळे घासून लगेच एपॉक्सीचे थर देऊ, दोन आठवड्यांत मोकळे. त्यांचा हात चांगला आहे, पण मी नाही म्हटले. तळ आतून ओला आहे. ओलाव्याच्या मीटरचा काटा टोकाला जातो. करंज्याच्या जून-जुलैच्या हवेत फायबर वाळत नाही. ओल्या तळावर एपॉक्सी चढवली तर ओल आत कोंडते आणि वर्षा-दोन वर्षांत अख्खा थर सुटतो. तळ वाळवायचा तर आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच महिने. आपण बोटी वर घेतो पावसाळ्यात, म्हणजे वाळवणाच्या कामाला नेमक्या उलट ऋतूत.

ठरले ते असे. यंदा फक्त मोठे फोड उघडायचे, गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुवायचे, पंखा आणि दिव्याच्या उबेने तेवढीच जागा वाळवून भरायची. एपॉक्सीच्या प्रत्येक थरावर दमट हवेत मेणचट साय येते, ती पाण्याने घासून काढल्याशिवाय पुढचा थर नाही. बाकीचा तळ डिसेंबरात बोट पुन्हा वर घेऊन, महिना-दीड महिना उघडा ठेवून. फोडांनी बोट लगेच बुडत नाही. पितळेच्या झडपेने बुडते.

23 जून, रविवार

इंजिनांपाशी दिवस गेला. दोन्ही फोर्ड लेहमन, 6 सिलिंडर, 6.2 लिटर, 2500 फेऱ्यांना 120 अश्वशक्ती. मूळ ठोकळा इंग्लंडमधल्या डॅगनमचा, ट्रक-ट्रॅक्टरच्या कुळातला. त्याला समुद्राच्या पाण्याने थंड करायची व्यवस्था अमेरिकेत जोडली गेली. संगणक नाही, सेन्सर नाही. मला हे इंजिन मनापासून आवडते. याच्या डिझेल पंपाला स्वतःचे वेगळे तेल असते आणि ते दर 50 तासांनी बदलायचे असते. पंपाची झाकणी सहज दिसत नाही, म्हणून ते राहते. डाव्या पंपातून निघाले ते तेल कमी आणि डिझेल जास्त.

समुद्राचे पाणी खेचणाऱ्या रबरी इम्पेलरचे एक पाते गायब होते. ते शोधल्याशिवाय नवा बसवायचा नाही, कारण तुटलेले पाते पुढे जाऊन उष्णता-विनिमयाच्या नळ्यांच्या तोंडाशी अडकते आणि इंजिन तापते. तिथेच सापडले. गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर दाबाखाली तपासला तर बुडबुडे आले. सुईएवढे छिद्र आणखी रुंदावले असते तर खारे पाणी गिअरबॉक्समध्ये गेले असते. हे कूलर टिकाऊ वस्तू समजू नयेत, काही वर्षांनी बदलायचेच. दोन्ही नवे मागवले.

8 जुलै, सोमवार

मुंबईत काही ठिकाणी सहा तासांत 300 मिलिमीटरहून अधिक पाऊस. लोकल बंद. करंज्याला जाणे झाले नाही.

13 जुलै, शनिवार

मांडवाची एक बाजू त्या पावसात फाटली होती, आणि त्यामुळे डेकचे दुखणे उघड झाले. फायबरच्या डेकवर सागवानी पट्ट्या शेकडो स्क्रूंनी बसवल्या आहेत. सागाचे काही बिघडलेले नाही, उन्हापावसाला पुरून उरणारे लाकूड आहे ते. पण प्रत्येक स्क्रू म्हणजे डेकला एक भोक, आणि पट्ट्यांमधली रबरी सांध सुटली की पाणी त्या भोकांतून खाली. ठिबकते कुठे? डिझेलच्या लोखंडी टाक्यांच्या माथ्यावर. टाकी आतून ठणठणीत, वरून मात्र पापुद्रे सुटलेली. मधल्या कुण्या मालकाने तिच्यावरची फळी कायमची बंद करून गालिचा टाकला होता.

सागवान काढायचे. हळहळ वाटते, पायाखाली ते फार सुंदर लागते. तरी काढायचे, भोके बुजवायची, वर फायबर आणि न घसरणारा रंग.

28 जुलै, रविवार

टाक्या उपसल्या. तळाशी पाण्याचा थर आणि पाणी व डिझेल भेटतात तिथे काळा, बुळबुळीत गाळ. ही जिवाणू-बुरशी डिझेल खाऊन जगते, पण तिला पाणी लागते. पाणी काढत राहिले की ती वाढत नाही. शांत पाण्यात हा गाळ तळाशी पडून असतो. लाटांत बोट हलली की तो उठतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन नेमके खवळलेल्या समुद्रात बंद पडते.

प्रत्येक टाकीला हात जाईल एवढे झाकण केले. फिल्टर प्रत्येक इंजिनाला दोन, मध्ये चावी, म्हणजे एक तुंबला तर चालत्या इंजिनावर दुसरा. सोबत निर्वाताचा मापक. काटा चढू लागला की तुंबणे आधीच कळते. फिल्टर पूर्वी इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला होते, तापलेल्या एक्झॉस्टवरून ओणवे होऊन हात घालावा लागे. ते दाराशी आणले. सगळ्या पावसाळ्यातले सर्वात समाधानाचे काम हे.

11 ऑगस्ट, रविवार

वायरिंग. लिथियम बॅटऱ्या घेतल्या, पण फक्त दिवे, फ्रिज, पंख्यांसाठी. इंजिन सुरू करायला जुन्या पद्धतीच्या शिसे-आम्लाच्याच ठेवल्या. लिथियम बॅटरी अल्टरनेटरला थेट जोडली तर ती तासन्‌तास पूर्ण ताकदीने विद्युतप्रवाह ओढते आणि अल्टरनेटर तापून जळतो. बॅटरीच्या आतल्या संरक्षक यंत्रणेने मध्येच संबंध तोडला तर त्याचे डायोड जातात. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर. तारा कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना क्रमांक, आणि बॅटरीजवळच फ्यूज. पाणी उपसायच्या पंपाचा फ्लोट स्विच मुख्य स्विचला वळसा देऊन स्वतःच्या फ्यूजसह थेट बॅटरीवर, कारण बोट बहुतेक वेळा बांधलेली आणि रिकामी असते.

19 ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. बंदी 31 जुलैलाच उठली, पण नाखवा आज नारळ वाहूनच निघणार. आमची बोट अजून ठोकळ्यांवर.

1 सप्टेंबर, रविवार

तळाचा जुना रंग घासला. खरवडलेला चुरा ताडपत्रीवर गोळा करून पोत्यांत भरला. खाडीत एक मूठही जाऊ दिली नाही. कथिलाच्या विषारी संयुगांचे तळ-रंग आंतरराष्ट्रीय करारानुसार 2008 पासून बंद आहेत, त्यांनी शंख-शिंपल्यांची पैदास बिघडवली होती. आजचे रंग तांब्याच्या ऑक्साइडचे, पण जुन्या बोटीच्या खालच्या थरांत काय आहे कोण जाणे. याच खाडीत बायका कालवे फोडायला जातात.

जस्त सगळीकडे नवे. मिस्त्रींच्या पोराला बजावून ठेवले, जस्ताला ब्रश लावायचा नाही.

19 सप्टेंबर, गुरुवार

अनंत चतुर्दशीनंतरच्या उधाणावर बोट पाण्यात. पट्टा सैल करण्यापूर्वी दहाही झडपा एकेक करून बघितल्या, प्रत्येकीवर हात ठेवून. कोरड्या.

22 सप्टेंबर, रविवार

तीन दिवस पाण्यात राहू दिल्यावर आज शाफ्टची रेष तपासली. ठोकळ्यांवर आणि पाण्यात बोटीचा आकार किंचित वेगळा असतो, म्हणून जमिनीवर केलेली रेष धरायची नाही. 4 इंची कपलिंगला फट 0.1 मिलिमीटरच्या आत हवी. डावे इंजिन थोडे उचलावे लागले. चालत्या शाफ्टच्या गाळ्यातून मिनिटाला दोन-तीन थेंब, गाळा हाताला थंड. तसेच हवे. मांडव्यापर्यंत जाऊन आलो, दोन्ही इंजिनांचे तापमान स्थिर.

सोफे तेच आहेत, एक नाही. त्याच्या जागी उघडणारी फळी आहे. टीव्ही देऊन टाकला. तळाचे वाळवण डिसेंबरात.

जुनी मोटरयॉट घ्यायचे तुमच्या मनात असेल तर पाहायला जाताना टॉर्च, लांब दांडीचा छोटा आरसा आणि एक पेचकस न्या. सोफ्यावर बसण्याआधी तळाची प्रत्येक फळी उघडून मागा. मालक उघडू देत नसेल, किंवा फळी उघडतच नसेल, तर बोट कितीही स्वस्त असली तरी ती घेऊ नका.