यंदाचा की गेल्या वर्षीचा?

सुरतजवळच्या उधन्याहून मुंबईकडे निघालेली गाडी आधी भेस्तानला थांबते, मग सचिनला. या पट्ट्यात लूमचा आवाज रात्रीही बंद होत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबारकडची माणसं ताप्तीच्या लाईनीनं उधन्याला उतरली आणि पोटापाण्यासाठी इथलीच झाली. घरात अहिराणी, बाजारात गुजराती, कारखान्यात हिंदी बोलत त्यांनी संसार उभे केले. अशा घरात लॅपटॉप दिवाळीच्या बोनसमधून येतो आणि पुढची पाच-सहा वर्षं त्याच एकावर काढायची असतात. म्हणून यंदाचं मॉडेल घ्यायचं की गेल्या वर्षीचं, हा आमच्याकडे हौसेचा प्रश्न नसतो. त्यात अख्खं घर गुंतलेलं असतं.

भाचीला साडीच्या डिझाइनचं काम शिकायचंय. दाजी जेकार्डच्या लूमवर आहेत. एके काळी हे डिझाइन आलेखाच्या कागदावर चौकोन चौकोन रंगवून तयार व्हायचं, मग त्यावरून पुठ्ठ्याच्या पत्त्यांना भोकं पाडायची. भोक असेल तिथे ताण्याचा धागा वर उचलला जायचा, नसेल तिथे खालीच राहायचा. फ्रान्समधल्या ल्यों शहरातल्या जोसेफ मारी जॅकार्डनं ही युक्ती 1804 च्या सुमारास मागावर बसवली. पुढे इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तीच भोकांची कार्डं घेतली. म्हणजे संगणकानं पहिली शिकवणी मागापाशीच घेतली आहे. आज इलेक्ट्रॉनिक जेकार्डला पत्ते लागत नाहीत, फाईल लागते. ती फाईल बापाच्या मागासाठी लेक बनवणार, या विचारानंच मला लॅपटॉपच्या खरेदीत जीव घालावासा वाटला.

दुकानात गेलो तर पहिलंच वाक्य कानावर आलं, “नवुं मॉडेल छे, लई लो.” भाचीनं मान हलवली आणि खोक्यावरचं लेबल वाचायला घेतलं. एकावर इंटेलचा आय-फाइव्ह 1235यू, दुसऱ्यावर 1335यू. सुरुवातीचे दोन आकडे पिढी सांगतात: बारावी आणि तेरावी. पण आत डोकावलं तर दोघांचेही कोर दहाच, आणि कमाल वेग एकाचा 4.4 गिगाहर्ट्‌झ, दुसऱ्याचा 4.6. एवढ्या फरकानं साडीचा काठ काही लवकर काढून होत नाही. एएमडीच्या रायझनमध्ये तर आणखी सावध राहावं लागतं. 2022 मध्ये आलेल्या 7520यू या चिपच्या नावात तिसरा आकडा 2 आहे. तो आतल्या रचनेची पिढी सांगतो, आणि झेन 2 ही रचना 2019 सालची. नाव सात हजारांच्या मालिकेतलं, गाभा मात्र तीन वर्षं आधीचा. नवं कोणतं आणि जुनं कोणतं, हे खोक्यावरच्या मोठ्या अक्षरांवरून ठरवता येत नाही.

मग मुद्द्याच्या गोष्टी पाहिल्या. डिझाइनच्या फाईली जड असतात आणि एका वेळी चार-पाच उघड्या ठेवाव्या लागतात. तिथे वेगापेक्षा रॅम उपयोगी पडते. 8 जीबीत जीव गुदमरतो, 16 जीबीत काम सुटसुटीत होतं. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच पक्की केलेली असते, पुढे वाढवताच येत नाही, म्हणून स्लॉट मोकळा आहे का हे आधीच विचारून घेतलं.

खरा निकाल लावला तो स्क्रीननं. भाचीनं पेनड्राइव्हमधून एकच डिझाइन दोन्हीकडे उघडलं. जमीन राणी रंगाची, वर जरीची बुट्टी. यंदाच्या मॉडेलचा पडदा 45 टक्के एनटीएससीचा, म्हणजे कमी रंग दाखवणारा होता, स्वस्त लॅपटॉपमध्ये सर्रास दिसतो तसला. त्यावर राणी रंग धुतल्यासारखा उतरलेला, जरी फिक्कट पिवळी. गेल्या वर्षीच्या मॉडेलची वरची आवृत्ती जवळपास त्याच किमतीला मिळत होती. तिचा पडदा 100 टक्के एसआरजीबीचा, म्हणजे जास्त रंग दाखवणारा, आणि त्याच्यावर राणी रंग राणीच होता. पडद्यावर रंग खोटा दिसला की मुलगी तो दुरुस्त करत बसणार, आणि मागावर भलताच उतरणार. कापड एकदा विणलं गेलं की ते उसवून परत विणत नाहीत. दाजी इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, “रंग खरा दिसतो तो घे, बेटा.”

जुनं म्हणून सगळंच घ्यावं, असं मात्र नाही. विंडोज 10 ला मिळणारा मोफत आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज 11 ची अधिकृत यादी काही अपवाद सोडले तर आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याआधीच्या पिढीचं यंत्र कितीही स्वस्तात मिळालं तरी शिकणाऱ्या पोराच्या हाती देऊ नये. बॅटरी, वॉरंटी, गावात दुरुस्ती मिळते का, हेही पाहायलाच हवं. पण एका वर्षाचं अंतर हे म्हातारपण नव्हे.

आम्ही गेल्या वर्षीचा लॅपटॉप घेतला आणि त्याची रॅम 16 जीबी करून घेतली. नव्याचे नऊ दिवस असतात, कामाची मात्र सहा वर्षं असतात. ज्या घरात एक वस्तू घ्यायला वर्षभराचा घाम लागतो, त्या घरातल्या मुलांना मी एवढंच सांगेन: आपलं काम काय आहे ते आधी पक्कं करा, मग त्या कामाची फाईल घेऊन दुकानात जा आणि तिला यंत्राची परीक्षा घेऊ द्या. कंपनी वर्ष ठरवते, तुमची गरज तुम्हीच ठरवायची. गेल्या वर्षीचं मॉडेल घेणं म्हणजे मन मारणं नाही, ती विचारपूर्वक केलेली पसंती आहे. अशी पसंती करायला शिकलेली मुलगी उद्या धागा, रंग आणि भावही तितक्याच नीट पारखेल, याची मला खात्री आहे.