दोघींपैकी माई कोण?

"अगं, जनगणनेत बघ ना!" असं तू फोनवर किती सहज म्हणालीस. २०२२ च्या जानेवारीत तुमच्याकडे इंग्लंडात १९२१ ची जनगणना उघडली, शेजारच्या गोऱ्या आजींना त्यांच्या आजोबांनी स्वतःच्या हातानं भरलेला कागद बघायला मिळाला, आणि तू लगेच मला माझ्या पणजीच्या, माईच्या मागे लावून दिलंस. शाळेपासूनची तुझी खोड आहे ही. गणित तू घालायचंस आणि सोडवत मी बसायचं.

तर तुला सांगते, आपल्याकडे तसं उघडण्यासारखं काही नाहीच. शंभर वर्षांनी कागद खुले करायची रीत तिकडची. इथे १९४८ च्या कायद्यानं घरोघरी भरलेले तक्ते कुणाला पाहता येत नाहीत, आणि संस्थानी काळातले तक्ते तर बेरजा झाल्या की संपले. उरल्या त्या नुसत्या बेरजा. १९०१ साली माईच्या माहेरच्या धार शहरात १७,७९२ माणसं, सासरच्या देवासात १५,४०३. छप्पनच्या दुष्काळातून वाचलेली माणसं ही! त्या सतरा हजारांत माईचे आईवडील असणार, एवढंच काय ते. त्या साली माणशी एक चिठ्ठी करायची नवी पद्धत आली होती. धर्माप्रमाणे चिठ्ठीचा रंग, आणि मग खणाखणांत टाकून मोजणी. त्या चिठ्ठ्याही गेल्या.

पण मला कशानं गलबललं सांगू? मोजणाऱ्यांना दिलेल्या सूचना वाचल्या. घरातल्या बाईचं नाव सांगायला घरचे तयार नसतील तर नावाच्या रकान्यात नुसतं 'स्त्री' लिहून पुढे जावं, असं त्यात आहे. म्हणजे उद्या देवासचा तक्ता एखाद्या माळ्यावर सापडला, तरी त्यात माई 'स्त्री' म्हणूनच बसलेली असायची! तुझ्या परकराच्या ओच्यात गुळपापडीच्या वड्या कोंबणारी, तुला "भवाने" म्हणणारी आपली माई. सासरचं नाव तिचं सगळ्यांना पाठ. माहेरचं नाव मात्र ना आईला ठाऊक, ना मामाला. पणजीचं माहेरचं नाव विचारायचं असतं हे ती होती तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या मनातसुद्धा आलं नाही.

आधी देवासला गेले. तुला आठवतं ना, तिथे दोन राज्यं होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजी आणि जिवाजी या दोघा पवार भावांची. एकाच बाजारपेठेच्या रस्त्याची एक बाजू एकाची, दुसरी दुसऱ्याची. पाण्याची आणि दिव्यांची सोयसुद्धा वेगवेगळी. त्यामुळे पहिला प्रश्न हाच की माईचं सासर कुठल्या बाजूला? मोठे काका म्हणाले, "थोरली पाती, त्यात वादच नाही." धाकटे काका ताडकन उठले, "अण्णा, आपला वाडा धाकट्या पातीत!" पंच्याऐंशी आणि ऐंशी वर्षांचे दोघे भाऊ संस्थानं १९४८ साली विलीन झाल्याचं विसरून रस्त्याच्या कडेसाठी भांडत होते. काकूनं पोह्यांच्या बशा मधे ठेवल्या तेव्हा कुठे तह झाला.

संध्याकाळी टेकडीवर चढले. मोठी माता, छोटी माता, दोघींना तुझा नमस्कार पोचवला. उतरताना कुमार गंधर्वांच्या घराजवळून आले आणि एकटीच हसले. कॉलेजात असताना "आत रियाज चालू असेल, थांबू या" म्हणून तू आम्हाला भर उन्हात फाटकाशी ताटकळत ठेवलं होतंस. आतून ऐकू आली ती कुकरची शिट्टी! आणि तू तिचाही सूर लावून दाखवलास.

देवासात माईचं काही हाती लागलं नाही, ते लागणार होतं धारला. ती म्हणायची ना, "आम्ही शाळेत गेलेल्या बाया आहोत." धार दरबारात तिचे वडील कारकून, एवढं पक्कं. संस्थानातली ती मुलींची शाळा पुढे दुसऱ्या शाळेत मिसळली, पण तिचं जुनं दप्तर एका लोखंडी कपाटात राहिलंय. तिथल्या बाबूजींनी पहिलाच प्रश्न केला, "जाति प्रमाण पत्र के लिए?" त्यांचंही बरोबर आहे. जुनं रजिस्टर मागायला येतो तो दाखल्यासाठीच. महाराष्ट्रातही २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी शाळाशाळांची दप्तरं उघडली, मोडी वाचणाऱ्यांना केवढा भाव आला. मी म्हटलं, नाही हो, पणजीचं नाव हवंय. "सिर्फ नाम?" त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. मग चहा मागवला, आणि त्यानंतर माझ्यापेक्षा तेच हट्टाला पेटले. "मॅडम, नाम तो मिलना चाहिए."

जुनी पानं मोडीत आहेत. सोबत आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी होते, ते बोट न टेकवता ओळीवरून काडी फिरवत वाचत होते. मुलीचं नाव, बापाचं नाव, धंदा, जन्मतारीख, दाखल केल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण. जन्मतारखा बघून तुझ्या बाबांची आठवण झाली. मास्तरांच्या कृपेनं अर्धा महाराष्ट्र १ जूनला जन्मला, त्यातले तेही एक.

आणि गं, माईच्या वडिलांचं नाव सापडलं! 'धंदा : दरबारी कारकून'. अंगावर काटा आला. पण नोंदी दोन. एकाच दिवशी, एकाखाली एक, दोन मुली दाखल केलेल्या; वयात दीड वर्षाचं अंतर. माईला बहीण होती! तिनं कधी अवाक्षर काढलं नाही. एकीचं नाव नदीचं, दुसरीचं देवीचं. नदी दुसरीतून शाळा सोडून गेली, देवी चौथी पास झाली, आणि दोघींच्याही शेवटच्या रकान्यात एकच शब्द : 'लग्न'. ते 'लग्न' त्याच बोरूनं, त्याच शाईत, कुठेही हात न अडखळता लिहिलंय. मी त्या पानावर किती वेळ हात ठेवून बसले होते कोण जाणे. गुरुजी बिचारे काही बोलले नाहीत.

त्या काळी धारच्या शिक्षण खात्याचे प्रमुख होते काशिनाथ कृष्ण लेले. १९०३ साली धारला 'पारिजातमंजरी' नाटिकेचा शिलालेख उजेडात आला तो त्यांच्यामुळे. चार अंकांपैकी दोनच अंक दगडावर मिळाले, पण तेराव्या शतकातल्या त्या नायिकेचं नाव शाबूत आहे. त्याच गावात, त्याच खात्यातल्या कुणा मास्तरानं आपल्या दोघी मुलींचीही नावं शाबूत ठेवली. मला तो मास्तर लेल्यांइतकाच थोर वाटतो, तू काहीही म्हण.

आता दोघींपैकी माई कोण? मामा म्हणतो नदी, कारण माईला पाण्याची ओढ. हे काय कारण झालं? माझं मन देवीकडे आहे. माई किराण्याचा हिशेब मोडीत लिहायची, पोथी घडाघडा वाचायची. दुसरीत शाळा सुटलेल्या मुलीला हे जमेल का? आई मात्र म्हणते, नवऱ्यानं शिकवलं असेल. आणि मग ती दुसरी कुठे दिली, बाळंतपणात गेली का, माईनं तिचं नाव का घेतलं नाही? रात्री अंथरुणावर पडलं की हेच सुरू होतं माझं.

पुढच्या महिन्यात उज्जैनला जाणार आहे. रामघाटावर तीर्थपुरोहितांच्या बह्या आहेत, माईच्या माहेरचे लोक तिथे दिवस करायला जात असं धाकटे काका म्हणाले (थोरले अर्थातच नाही म्हणाले). बहीत बायकांची नावं कमीच असतात म्हणे, पण जावई कुठला ते लिहिलेलं सापडलं तर दुसरीचं सासर कळेल. तुझेही पणजोबा मूळचे इकडलेच ना? तुझ्या आत्याला विचारून त्यांचं मूळ गाव आणि गोत्र मला कळव, जमलं तर पणजीचं माहेरही. एका फेरीत दोन्ही घराणी बघून येईन. आणि लवकर कळव गं, तुझ्या नेहमीच्या सवयीनं दिवाळीपर्यंत लांबवू नकोस.

तुझीच