लोणी कोणाच्या घरचे?

‘दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ’ ही म्हण आधुनिक जगाच्या इतिहासाला लावून पाहिली तर ती फार चपखल बसते, आणि तिच्याविषयी संशय यावा तो नेमका याच कारणाने. तिच्यामागची कथा मराठी घरांत लहानपणीच कानांवर पडते. दोन मांजरांना लोण्याचा गोळा सापडतो, वाटणीवरून ती भांडतात, माकड तराजू घेऊन न्यायनिवाड्याला बसते आणि जे पारडे खाली जाईल त्यातला लचका तोडत तोडत सगळा गोळा फस्त करते. कथेचे तात्पर्य मांजरांसाठी असते आणि कौतुक माकडाचे होते; परंतु ते लोणी कोणाच्या घरचे होते, ते कोणी घुसळले आणि त्या घरच्या म्हशीने कोठले गवत खाल्ले होते, याची चौकशी कथा करीत नाही.

दुसऱ्या महायुद्धात भांडणारे दोघे कोण आणि लाभ झालेला तिसरा कोण, हे ठरवणेही तितकेसे सोपे नाही. 22 जून 1941 रोजी जर्मनीने सोव्हिएत संघावर आक्रमण केले आणि कालपर्यंत परस्परांकडे वैऱ्याच्या नजरेने पाहणारे लंडन व मॉस्को जुलैमधील करारान्वये दोस्त झाले. या दोस्तीचा एक धागा थेट तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील जंगलापर्यंत येतो. शामराव आणि गोदावरी परुळेकर हे दांपत्य युद्धविरोधी प्रचारासाठी तुरुंगात गेले होते. ते ज्या कम्युनिस्ट पक्षाचे होते त्या पक्षाने, रशिया युद्धात ओढला गेल्यावर काही महिन्यांनी, त्याच युद्धाला ‘लोकयुद्ध’, म्हणजे फॅसिझमविरुद्ध जनतेने स्वतःचे मानून लढायचे युद्ध, असे नाव दिले. 1942 मध्ये सरकारने पक्षावरील बंदी उठवली आणि त्याच्या किसान सभेला, म्हणजे शेतकरी संघटनेला, उघडपणे काम करता येऊ लागले. दूरच्या दोन सत्तांच्या सोयीच्या मैत्रीतून एका तिसऱ्याच ठिकाणच्या लढ्याला वाट मिळाली, असे म्हणता येते. मात्र ‘छोडो भारत’च्या त्याच वर्षी इंग्रजांशी जुळवून घेतल्याचा ठपका पक्षाला पुढे कायम वाहावा लागला, तो या लाभातून वजा करावा की नाही, हे म्हण सांगत नाही.

युरोपातील युद्ध संपून जेमतेम पंधरा दिवस झाले असताना, 23 मे 1945 रोजी, तलासरीजवळच्या झरी गावी किसान सभेच्या पुढाकाराने वारली आदिवासींची परिषद भरली आणि वेठबिगार, म्हणजे जमीनदाराकडे विनामोबदला सक्तीने करावे लागणारे काम, बंद करण्याचा निर्धार झाला. ‘लग्नगडी’ हा शब्द त्या भागात रूढ होता. लग्नासाठी घेतलेल्या थोडक्या कर्जापायी नवरा-बायको दोघेही सावकाराच्या घरी राबत राहत, त्यांना तो लावला जाई. शब्दात लग्न आधी येते आणि गडी नंतर. प्रत्यक्षातही क्रम तोच होता.

त्याच वर्षीच्या गवतकापणीत संप झाला. मागणी अशी होती की पाचशे पौंड गवत कापण्यासाठी अडीच रुपये मिळावेत. इतिहासाच्या पुस्तकात हा आकडा ओझरता येतो, पण तो नीट पाहण्यासारखा आहे. पाचशे पौंड म्हणजे सुमारे सव्वादोनशे किलो. पावसाळा सरल्यावरच्या उन्हात विळ्याने मूठ मूठ कापून, पेंढ्या बांधून, भारे रचून जमवायचे आणि काट्यावर चढवायचे. कथेतल्या माकडाच्या हातातही तराजूच होता, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही. 10 ऑक्टोबरला तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि जेठ्या गांगड व इतर काहीजण मृत्यू पावले. गोदावरीबाईंनी हा सारा काळ पुढे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात मांडला.

ठाण्याच्या कुरणांतले गवत मुंबईच्या तबेल्यांकडे जात असे. दूधटंचाईने गांजलेल्या त्या शहरात, दूध-आयुक्त दारा खुरोडी यांच्या योजनेनुसार, वस्तीतले तबेले हलवून म्हशी एका जागी आणण्यासाठी 1949 मध्ये गोरेगावजवळ आरे दुग्धवसाहत उभी राहिली. सुमारे 1,287 हेक्टर जमीन, हजारो म्हशी आणि त्यांच्यासाठी तेथेच वाढवलेले पॅरा गवत. खुरोडी यांच्याच नावाशी टोन्ड दूध जोडले जाते. म्हशीच्या घट्ट दुधात पाणी आणि मलई काढलेल्या दुधाची भुकटी मिसळून ते तयार होई व स्वस्त पडे. एरवी ज्या मिश्रणासाठी गवळ्याला शिव्या मिळतात, ते येथे सरकारी धोरण झाले. धातूचे दूधकार्ड घेऊन पहाटे केंद्रापुढे उभी असलेली आणि काचेची गार बाटली छातीशी धरून परतणारी गिरगाव-दादरची मुले या हिशेबात कोठे बसवावीत? त्यांनी कोणाशी भांडण केले नव्हते, लाभ मात्र त्यांचा होता, आणि तो नसावा असे कोण म्हणेल?

पण आरेची ती जमीन मोकळी नव्हती. तेथील पाड्यांवर वारली, कोकणा, मल्हार कोळी अशी कुटुंबे वसाहतीच्या आधीपासून राहत होती. तलासरीचे वारली आणि आरेतल्या केलटीपाड्याचे वारली जमातीने एक असले, तरी त्यांचा इतिहास एक नव्हे. एकीकडे जमीनदार समोर उभा होता, त्यामुळे लढ्याला चेहरा होता, तर दुसरीकडे समोर होते ते लहान मुलांचे दूध, आणि दुधाविरुद्ध उठाव कसा करायचा असतो हे कोणत्याच क्रांतीने शिकवलेले नाही. ज्याच्या घरचे लोणी होते तो चौथा, असे म्हणून पाड्यांना त्या जागी बसवावे, तर तलासरीचा वारली एकाच वर्षात तिसराही होता आणि चौथाही, हे आडवे येते. शिवाय चौथा शोधल्याचे समाधान हेही तराजू हाती धरणाऱ्याचेच समाधान असावे, ही शंका उरते. आणि या सगळ्या मोजणीत, जिच्या दुधावाचून कथेला सुरुवातच झाली नसती, त्या म्हशीचा आकडा अजून धरलेलाच नाही.