निद्रा आणि पितृत्व

आपल्या मराठी घरांत 'पाळी' हा शब्द दोन अर्थांनी वावरत असतो. एक पाळी स्त्रीची, महिन्याच्या महिन्याला येणारी. दुसरी कामावरची, कारखान्यातली, रेल्वेतली किंवा रुग्णालयातली, आठवड्याच्या आठवड्याला बदलणारी. लग्नाला दोन-तीन वर्षे होऊन गेली आणि पाळणा हलला नाही, म्हणजे सुनेच्या पाळीची विचारपूस सासूबाईंपासून शेजारणींपर्यंत सगळ्या जणी करतात. मुलाच्या पाळीबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढीत नाही. तो रात्रभर जागून सकाळी घरी येतो, दुपारच्या उकाड्यात चार तास कूस बदलीत पडतो आणि पुन्हा कामावर जातो. ह्या जागरणाचा आणि रिकाम्या पाळण्याचा काही संबंध असू शकेल, असे कुणाच्या मनातही येत नाही. वाचकहो, तो संबंध असू शकतो. आणि तो कितपत आहे व कितपत नाही, हेच आज आपल्यापुढे मांडावयाचे आहे.

भाषांतर हा माझा रोजचा व्यवसाय. आरोग्यविषयक लेख मराठीत आणताना एक अडचण मला नेहमी जाणवते. मूल न होणाऱ्या स्त्रीसाठी आपल्यापाशी शब्द हवे तितके आहेत: वांझ, वांझोटी, वंध्या. अशक्य गोष्टीचा दाखला देताना आपल्या तर्कशास्त्रकारांनीही 'वंध्यापुत्र'च योजिला. पुरुषासाठी शब्द शोधू लागले, की 'नपुंसक' किंवा 'षंढ' एवढेच हाती लागते, आणि ते दोन्ही चुकीचे असतात. शरीरसंबंधाची असमर्थता ही एक गोष्ट आणि वीर्यातील शुक्राणूंची उणीव ही अगदी निराळी गोष्ट होय. धडधाकट, सुखाने संसार करणाऱ्या पुरुषाच्या ठिकाणीही ही उणीव असू शकते. नेमका शब्दच नसल्यामुळे प्रश्न विचारला जात नाही, आणि विचारलाच तर तो शिवीसारखा झोंबतो. र. धों. कर्वे ह्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून असल्या विषयांवर मराठीत उघडपणे लिहावयास आरंभ केला. त्या गोष्टीला शतक होत आले, तरी आपली जीभ ह्या एका ठिकाणी अजून अडखळते.

ह्या अडखळण्याची किंमत कोण देते, ते मी नात्यातल्याच एका घरात पाहिले आहे. माझे एक आतेभाऊ पोलादाच्या कारखान्यात तीन पाळ्यांत काम करीत. पाच वर्षे मूल नव्हते. त्या पाच वर्षांत वहिनींनी सोळा सोमवार केले, नवस बोलले, गर्भनलिकांची वेदनादायक तपासणी करून घेतली. कुणाचे डोहाळजेवण असले, की ओटी भरायला लेकुरवाळी हवी म्हणून त्या आपण होऊनच स्वयंपाकघरात थांबत. ह्या साऱ्या काळात आतेभावांची साधी वीर्यतपासणी एकदाही झाली नाही. पुढे एका डॉक्टरीणबाईंनी दोघांना समोर बसवून आतेभावांना विचारले, "तुम्ही झोपता किती?" ते गप्प राहिले. उत्तर वहिनींनीच दिले: "झोप अशी लागतच नाही, आणि लागली की घोरतात फार." तपासणीत शुक्राणूंची संख्या कमी निघाली. श्वासाच्या विकारावर उपचार झाले, पाळीही बदलून मिळाली. दीड वर्षाने त्यांना मुलगी झाली. ती केवळ झोपेमुळे झाली, असे मी म्हणणार नाही. इतरही उपचार चालू होतेच. परंतु अहवाल हाती आला त्या दिवसापासून वहिनी स्वयंपाकघरात थांबेनाशा झाल्या, हे मात्र मी डोळ्यांनी पाहिले आहे.

आता ह्यामागचे शास्त्र पाहू. निद्रेचे महत्त्व आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हते असे नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन आधार सांगितले आहेत आणि निद्रेवर अवलंबून असणाऱ्या गोष्टींत पुरुषत्वाचीही गणना केली आहे. अर्थात, जुन्या ग्रंथातील वचन हा पुरावा नव्हे. पुरावा अलीकडचा आहे. पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन हा अंतःस्राव रात्री झोप लागल्यानंतर वाढू लागतो आणि सकाळी सर्वांत अधिक असतो. म्हणूनच त्याची रक्ततपासणी सकाळी करतात. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी अंडकोषांना आज्ञा देते, त्यांतून हा स्राव होतो आणि त्याच्यावाचून शुक्राणू परिपक्व होत नाहीत. झोप मोडली, की ह्या साखळीची पहिली कडीच सैल होते.

शिकागो विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रात्री केवळ ५ तास झोपू दिले, तेव्हा त्यांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी उतरले. २०१३ साली डेन्मार्कमधील ९५३ तरुणांची पाहणी प्रसिद्ध झाली. ज्यांची झोप फार बिघडलेली होती, त्यांच्या वीर्यातील शुक्राणूंचे प्रमाण २९ टक्क्यांनी कमी आढळले. २०१८ साली उत्तर अमेरिकेतील १,१७६ जोडप्यांच्या पाहणीत असे दिसले, की ६ तासांहून कमी झोपणाऱ्या पुरुषांच्या पत्नींना दिवस राहण्याची शक्यता, ८ तास झोपणाऱ्यांच्या तुलनेत, दर महिन्याला कमी होती.

तथापि, ह्या आकड्यांचे मोल नीट जोखले पाहिजे. पहिल्या प्रयोगात माणसे अवघी दहा होती आणि त्यात वीर्य तपासलेले नव्हते. पुढच्या दोन पाहण्यांवरून एवढेच कळते, की बिघडलेली किंवा अपुरी झोप एकीकडे आणि शुक्राणूंची उणीव किंवा दिवस राहण्याची कमी शक्यता दुसरीकडे, ह्या गोष्टी एकत्र आढळतात. जो चिंतेने झोपत नाही, तो बहुधा तंबाखूही अधिक खातो. स्थूल माणूस घोरतोही अधिक. रातपाळी करणाऱ्यांविषयीचे निष्कर्ष तर एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून रातपाळीच्या माणसाने घाबरून जाण्याचे कारण नाही; लाखो रातपाळीवाले सुखाने बाप झालेले आहेत. जेथे मूल होत नाही, तेथे विचारावयाच्या प्रश्नांत झोपेचाही प्रश्न असावा, इतकेच ह्यातून निघते.

घोरण्याविषयी दोन शब्द स्वतंत्रपणे लिहिले पाहिजेत. घोरणे हे आपण गाढ झोपेचे लक्षण समजतो आणि त्यावर घरात थट्टा चालते. घोरता घोरता श्वास मध्येच थांबत असेल, माणूस दचकून श्वास घेत असेल आणि दिवसा पेंगत असेल, तर तो विकार आहे. त्यात रात्रभर रक्तातील प्राणवायू पुनःपुन्हा उतरतो आणि झोप तुकड्यातुकड्यांची होते. ह्या विकाराने रक्तदाब वाढतो आणि हृदयासही अपाय होतो. तेव्हा मुलाचा प्रश्न नसला, तरी त्यावर इलाज करून घ्यावाच.

मग करावे काय? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार दर सहा माणसांपैकी सुमारे एकाला आयुष्यात केव्हा तरी वंध्यत्वाला तोंड द्यावे लागते. अशा सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण, एकटे किंवा स्त्रीकडील कारणाच्या जोडीने, आढळते. म्हणून बारा महिने वाट पाहूनही दिवस राहिले नाहीत, किंवा पत्नीचे वय पस्तिशीपुढे असेल तर सहा महिन्यांनी, दोघांनी मिळून डॉक्टरांकडे जावे. वीर्यतपासणीला ना टाका पडतो, ना भूल लागते. दर मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख शुक्राणू ही खालची मर्यादा धरतात; संख्या तिच्याखाली आली म्हणून आशा संपली असे नव्हे. शुक्राणू तयार होऊन बाहेर पडण्यास जवळजवळ तीन महिने लागतात. म्हणून आज सुधारलेल्या झोपेचे फळ पुढच्या आठवड्यात दिसणार नाही. पुन्हा तपासावयाचे ते तीन महिन्यांनी.

झोप निदान सात तासांची असावी. रातपाळीवाल्याने पाळी संपत आली असता चहा टाळावा, घरी आल्यावर खिडकीला जाड पडदा लावून सलग झोपावे, आणि तेवढा वेळ घरच्यांनी कुकरची शिट्टी व दूरदर्शन आवरावे. दारूने आलेली गुंगी ही झोप नव्हे. आगगाडीच्या खिडकीतून भिंतीभिंतींवर दिसणाऱ्या जाहिरातींच्या नादी लागून कुणी 'ताकदीची' औषधे घेऊ नयेत. डॉक्टरांना न विचारता घेतलेली टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने तर उलटेच करतात: बाहेरून स्राव मिळू लागला, की अंडकोष आपले काम थांबवितात आणि शुक्राणू जवळजवळ नाहीसे होऊ शकतात.

वडीलधाऱ्या वाचकांना अखेरीस एक विनंती आहे. सुनेला प्रश्न विचारण्याचा अधिकार आपण वापरीत आला आहात. तोच प्रश्न आता मुलालाही मायेने विचारा. "अरे, तुला झोप लागते ना? तपासून घेतलेस का?" एवढे दोन साधे प्रश्न पुरेत. ते आईच्या किंवा वडिलांच्या तोंडून आले, तर मुलाला ते शिवीसारखे लागणार नाहीत, आणि सुनेच्या पदरी पडणारी निष्कारण वर्षे तरी वाचतील.